थोरली इथे

माझ्या बायकोच्या मामांनी आजवर एकही कॉम्प्युटर मेलेला पाहिलेला नाही. असं छातीठोकपणे सांगणारा दुसरा माणूस अख्ख्या मुंबईत मला भेटलेला नाही. मामांच्या मते कॉम्प्युटर रुसतो, झोपतो, हट्टाला पेटतो, वेंधळेपणाने स्वतःचीच डिस्क कुठे ठेवली ते विसरतो. पण मरत मात्र नाही. दुकानदार ज्याला ‘डेड’ म्हणतात त्याला मामा ‘ओ देत नाही’ म्हणतात. “डेड हा आळशी माणसाचा शब्द आहे, जावईबापू,” ते मला सांगतात. “दोनदा हाक मारायचे कष्ट नकोत म्हणून काढलेला.” नात्याने ते माझे मामेसासरे. सासऱ्याला द्यायचा तो सगळा मान त्यांना द्यायला माझी ना नाही. फक्त त्यांच्या घरी नमस्काराला वाकलं की हमखास एखादा स्क्रू तळहातात रुततो.

तरुणपणी मामा गिरणीत वायरमन होते. गिरणी बंद पडली तेव्हा बरोबरीचे लोक गावी गेले, कोणी रखवालदार झाले, कोणी वडापावची गाडी टाकली. मामांनी कुठूनतरी एक बिघडलेला कॉम्प्युटर आणला आणि तो पुस्तक न वाचता, सरळ उघडून शिकले. “गिरणी बंद पडली, मी कुठे बंद पडलो होतो?” असं ते त्याबद्दल विचारतात आणि उत्तराची वाट बघत नाहीत. चिंचपोकळी स्टेशनबाहेरच्या गल्लीत एका बाजूला लेथवाला आणि दुसऱ्या बाजूला रबरी शिक्के करणारा, अशा दोघांच्या मधल्या चिंचोळ्या गाळ्यात त्यांनी संसार मांडला. तिथे नव्या कॉम्प्युटरला प्रवेश नाही. ज्याच्या पोटात बोटभर रुंद पट्टीची वायर नाही त्याच्याशी मामांना बोलण्यासारखंच काही नसतं. वस्तू फेकणं त्यांना ठाऊक नाही. सगळे जुने भाग फरसाणाच्या बरण्यांत, आणि स्क्रू मामींच्या मिसळणाच्या डब्यात: मोहरीच्या वाटीत बारीक, जिऱ्याच्या वाटीत लांबोडके, हळदीच्या वाटीत पितळी. मामींनी नवा डबा आणला, तर मामांनी जुन्या डब्याचं झाकण नीट बसत नाही म्हणून तोही पळवला. एकदा आमटीत दोन स्क्रू निघाले. मामांनी ते ताटाच्या कडेला ठेवले, चष्मा लावून पाहिले आणि म्हणाले, “हे साडेतीन इंची डिस्कचे. मी सोमवारपासून शोधतोय.” मामी तेव्हापासून मसाले कडीकुलपात ठेवतात.

त्यांची तपासणीची पद्धत वैद्याची. स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर ठेवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे आणि दुसरा हात वर करून सगळ्यांना गप्प बसवायचं. त्या वेळी गाळ्यात कोणाला खोकला आला तर त्याने तो बाहेर जाऊन काढावा, असा दंडक आहे. फोनवरून कोणी तक्रार केली तर मामा म्हणणार, “फोन डिस्कपाशी न्या.” परळच्या एका बाईंनी असाच फोन नेला. मामांनी मिनिटभर डोळे मिटून ऐकलं आणि निदान केलं, “ताई, तुमची डाळ शिजली. गॅस बंद करा, आणि आता फोन कॉम्प्युटरपाशी न्या.” बाईंचं स्वयंपाकघर आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत होते. डाळीचं निदान तंतोतंत खरं निघालं, हे सांगायला बाई मुद्दाम चिंचपोकळीपर्यंत आल्या होत्या.

मामा डिस्कशी मालवणीत बोलतात, मदरबोर्डशी हिंदीत आणि माझ्याशी शुद्ध पुस्तकी मराठीत. यातून आम्हा तिघांची त्यांच्या मनातली प्रतवारी मला केव्हाच कळली आहे. मी लोअर परळच्या एका काचेच्या इमारतीत नोकरी करतो आणि आमच्या खात्याच्या नावात ‘क्लाउड’ हा शब्द आहे. त्यामुळे मामा चारचौघांत माझी ओळख ‘आमचे आभाळातले जावई’ अशी करून देतात. “यांची डिस्क कुठे आहे हे यांनाही ठाऊक नसतं,” असं वर कौतुकाने सांगतात. ते खरंही आहे.

पण मामांचा खरा अभिमान म्हणजे त्यांचं नावांचं शास्त्र. जुन्या कॉम्प्युटरमध्ये एका पट्टीवर दोन डिस्का लावायच्या तर एकीने मालकीण व्हायचं आणि दुसरीने दासी, अशी इंग्रजीतली रीत. मामांना ते पटेना. “दासी कसली? घरातली आहे ती,” म्हणून त्यांनी एकीला थोरली जाऊ केलं आणि दुसरीला धाकटी जाऊ. “एका पट्टीवर दोन थोरल्या आल्या की घर बंद,” हे त्यांचं वाक्य तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे, आणि मामींच्या मते इतर दृष्टींनीही. दुसरा सिद्धान्त असा, की कॉम्प्युटर डिस्कला चेहऱ्यावरून ओळखत नाही, रांगेतल्या जागेवरून नाव देतो. मधे कोणी घुसलं की मागच्या सगळ्यांची नावं सरकतात. शिवाजी पार्कच्या एका निवृत्त इंजिनिअरसाहेबांनी आपल्या जुन्या कॉम्प्युटरला हौसेने दुसरी डिस्क जोडली आणि ‘डी’मध्ये ठेवलेलं त्यांचं आत्मचरित्र नाहीसं झालं. साहेबांना भावाचा संशय आला, कारण आत्मचरित्रात भावाबद्दल तीन प्रकरणं होती. मामांनी जाऊन ‘ई’ उघडलं. “आत्मचरित्र शेजारच्या खोलीत राहायला गेलंय,” ते म्हणाले. “तुम्ही नवा भाडेकरू आणलात, त्याला ‘डी’ मिळाली, जुन्याला एक खोली सरकावं लागलं. भावाला फोन करून क्षमा मागा.” साहेबांनी फोन केला की नाही ठाऊक नाही. आत्मचरित्रात भावाबद्दलचं चौथं प्रकरण जोडलं, असं कानावर आलं.

अशा या माणसाचा आत्मविश्वास ढळलेला मी एकदाच पाहिला, आणि तो त्यांच्या स्वतःच्या अक्षरापायी.

लालबागला माझ्या सासुरवाडीच्या चाळीत समोरच्या खोलीत एक भजनीबुवा राहायचे. डबलबारीचे बुवा, म्हणजे समोरासमोर दोन मेळे बसवून, एकमेकांना गाण्यातून कोपरखळ्या मारत रंगवायच्या भजनातले नावाजलेले. आवाज असा की चाळीच्या मागच्या गल्लीत पापड वाळत घालणाऱ्या बायका थबकाव्यात. बुवांना आपली प्रत्येक तालीम ध्वनिमुद्रित करायची हौस होती, म्हणून मामांनी फार वर्षांपूर्वी त्यांना एक कॉम्प्युटर जुळवून दिला होता. मोठी डिस्क तेव्हा परवडणारी नव्हती. मामांनी लहान लहान चार डिस्का आणल्या आणि चौघींची मिळून एक केली, जशा मधल्या भिंती पाडून चार खोल्यांची एक मोठी खोली करतात. यात मेख एवढीच, की प्रत्येक गाण्याचे तुकडे चौघींत पाळीपाळीने वाटलेले असतात. चौघी हजर हव्यात आणि ज्या क्रमाने पहिल्या दिवशी बसवल्या त्याच क्रमाने बसलेल्या हव्यात. नाहीतर मशीन म्हणतं, मला इथे कोणीच दिसत नाही.

गेल्या माघात बुवा गेले. त्यांच्या पुतण्याने, बँकेत नोकरीला असलेल्या अत्यंत भल्या माणसाने, काकांची गाणी सगळ्यांना वाटावीत म्हणून एक नवी डिस्क विकत आणली. मशीन उघडलं, वर्षानुवर्षांची धूळ झाडली, चारही डिस्का काढून पुसल्या, परत लावल्या, नवीही लावली आणि बटण दाबलं. मशीनला कोणीच दिसेना. उलट तेच विचारू लागलं, की या डिस्का कोऱ्या करून नव्याने जुळवू का? पुतण्याने कोपऱ्यावरच्या दुकानातला माणूस बोलावला. तो म्हणाला, “डेटा गया. फॉरमॅट मारना पडेगा.” काकूंना, म्हणजे बुवांच्या पत्नीला, यातला शब्द कळला नाही. “म्हणजे पुसणार?” एवढंच त्यांनी विचारलं, तो ‘हां’ म्हणाला, आणि काकूंनी उठून भिंतीतला प्लग उपटला. मग मामांना निरोप आला.

रविवारी सकाळी मी मामांची पिशवी घेऊन त्यांच्या मागोमाग गेलो. मामा दारातूनच म्हणाले, “वैनी, चिंता नको. बुवांचं गाणं कुठे जात नाही.”

“गाणं नको हो मला, भाऊजी,” काकू म्हणाल्या. “गाणं सगळ्या लालबागकडे आहे. ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये आहे. पण मोबाइल काढला की ते नीट बसून गायचे. तालमीत तसं नव्हतं. मधेच थांबायचे, पखवाजवाल्याला शिव्या घालायचे, खाकरायचे, मला हाक मारायचे. ते या डब्यात आहे. तेवढं गेलं तर मग माझ्यापाशी फोटोच उरला.”

मामा मान हलवून खाली बसले. त्यांनी प्लग परत लावला आणि पत्रा थोडा सरकवून स्क्रूड्रायव्हर आत घातला. स्क्रूड्रायव्हर कानाला लागला, हात वर गेला, खोलीतला पंखासुद्धा बंद झाला. जुन्या चौघींपैकी तीन डिस्का लगेच फिरू लागल्या, चौथी नुसती कण्हत होती. “म्हातारी झाली, हिला उठायला वेळ लागतो,” मामा मला म्हणाले आणि तिच्याकडे वळून, “उठ गो बाये, उजाडला.” वीज न तोडता मशीन पुन्हा सुरू केल्यावर, तोवर जाग आलेली चौथीही घरघरू लागली. मामांचा चेहरा खुलला. “चारही जिवंत आहेत, वैनी. पाच मिनिटांचं काम.” मग त्यांनी मशीन बंद केलं आणि बाजूचा पत्रा पूर्ण उघडला.

पत्र्याच्या आतल्या अंगाला एक पिवळा पडलेला कागद चिकटवलेला होता. त्यावर लाल स्केचपेनने, मामांच्या वळणदार अक्षरात, खाली झोकदार सही ठोकून लिहिलेलं: ‘थोरली इथे’, आणि पहिल्या जागेकडे बाण. त्याखाली ‘दुसरी’, ‘तिसरी’, ‘धाकटी’. आणि ‘थोरली इथे’च्या बाणासमोर एक नवीकोरी, चकचकीत डिस्क बसली होती.

“ही कोण?” मामांनी विचारलं.

“ती नवी, मामा,” पुतण्या म्हणाला. “मी आणलेली. तुम्हीच लिहिलंय ना, थोरली इथे म्हणून? चौघींची मिळून जेवढी जागा, त्याच्या दुप्पट मोठी आहे ही. मग थोरली तीच ना? म्हणून तिथे लावली. बाकीच्या काय, हाताला आल्या तशा लावल्या.”

“अरे, थोरली वयानं रे.”

“आता मला काय माहीत, मामा? मला वाटलं, थोरली म्हणजे मोठी. साइझनं.”

मला हसू फुटलं. मग मामांचा चेहरा दिसला आणि ते जागच्या जागी विरलं. मामांनी एकेक डिस्क काढून उलटीपालटी करून पाहिली. प्रत्येकीच्या अंगावर त्यांनी त्या वेळी खळीने नावाची चिठ्ठी डकवली होती. खळ उष्णतेने वाळली, चिठ्ठ्या गळून तळाशी पडल्या आणि पुतण्याने त्या धुळीबरोबर झाडून टाकल्या. कोण थोरली आणि कोण तिसरी हे आता मशीनला ठाऊक नव्हतं, कागदाला नव्हतं आणि मामांनाही नव्हतं. दिसायला चौघी सारख्याच. मामा स्टुलावर बसले. मामा गप्प आहेत आणि कानाला स्क्रूड्रायव्हर लावलेला नाही, हे दृश्य मी आधी कधी पाहिलेलं नव्हतं.

“वैनी, चूक माझी,” ते म्हणाले. “याची नाही. मी नंबर लिहून ठेवायला हवा होता. मी शहाणपणा करून नाती लिहिली.” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात विचारलं, “जावईबापू, तुमच्याकडे असं काही पाठवायची सोय असते का? मोठ्या लॅबमध्ये वगैरे?”

मला भीती वाटली ती त्या प्रश्नाने. मामांनी मला कामाबद्दल सल्ला विचारावा, म्हणजे प्रकरण हाताबाहेरच गेलं होतं. मी काहीतरी पुटपुटणार तोच काकू पुढे आल्या.

“चूक कोणाची ते मागाहून बघू, भाऊजी. थोरली-धाकटी तुम्ही कशावरून ठरवली होतीत?”

“वयावरून, वैनी. जी आधी जन्मली ती आधी.”

“मग बघा की वय. आमच्या गावच्या घरात कुणाकडे जन्माचा दाखला नव्हता, तरी कोण कोणाच्या आधीचं ते सगळ्यांना ठाऊक होतं. यांच्या कपाळावर काहीतरी लिहिलं असेल ना?”

मामांनी काकूंकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता पाया पडतात. डिस्क कारखान्यातून निघते तेव्हा तिच्या अंगावरच्या कागदावर बनल्याचं वर्ष आणि आठवडा छापलेला असतो. हे मामांनी मलाच दहा वेळा सांगितलेलं. शरमेपुढे ते स्वतःच विसरले होते. अक्षर मुंगीएवढं होतं. मी मोबाइलने फोटो काढून मोठा करून दाखवला. आभाळातल्या जावयाचा एवढाच उपयोग झाला, पण झाला. उठायला वेळ लावणारी ती सगळ्यांत जुनी निघाली. थोरलीची जागा तिची. सगळ्यांत अलीकडची ती धाकटी. मधल्या दोघींपाशी येऊन मामा थांबले. वर्ष एक, आठवडाही एकच.

“जुळ्या गो, वैनी!” मामा ओरडले, आणि त्या ओरडण्यात त्यांचा जुना आवाज परत आला होता.

पुढचं काम त्यांनी मला एकेक पायरी सांगत केलं. आधी मशीनला सक्त ताकीद, की फक्त वाचायचं, कुठेही लिहायचं नाही; म्हणजे चुकलं तरी कोणाचं काही पुसलं जाणार नाही. नवी डिस्क बाहेर. थोरली पहिल्या जागी, धाकटी चौथ्या, जुळ्यांतली कुठलीही एक दुसऱ्या. बटण दाबलं. थोरलीला जाग यायची वाट पाहिली, पुन्हा सुरू केलं. मशीनने चौघींना मोजलं, पण दार उघडलं नाही. काकूंनी पदर तोंडाला लावला. “अजून एकच डाव आहे आणि तो बरोबरच आहे,” मामा म्हणाले, मशीन बंद करून त्यांनी जुळ्यांची अदलाबदल केली. पुन्हा बटण, पुन्हा थोरलीची वाट. पडद्यावर एकच ओळ आली. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला, परत खाली घेतला आणि ती ओळ मोठ्याने वाचली: अमुक नावाचा संच सापडला, चारपैकी चार हजर.

तरी मामांनी कोणाला गाणं ऐकू दिलं नाही. आधी नक्कल, मग कौतुक, हा त्यांचा नियम. नवी डिस्क चौघींच्या मागे शेवटच्या जागी लावली आणि सगळ्या तालमी तिच्यावर उतरू लागल्या. ते व्हायला दुपारचे चार वाजले. तोवर मामांनी जुना कागद खरवडून काढला आणि नवा लिहिला. या वेळी चार लांबलचक नंबर, एकही नातं नाही, आणि सहीही नाही. इतकी वर्षं मी या माणसाच्या फुशारकीला मनातल्या मनात हसत आलो. त्या दुपारी मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली.

“कुठली लावू, वैनी?” मामांनी विचारलं.

“कुठलीही लावा.”

मामांनी यादीतली मधलीच एक लावली. आधी टाळांची खुळखुळ, कोणीतरी पखवाजाला पीठ लावत असल्याच्या थापा, मग बुवांचा तो दणदणीत आवाज. दोन ओळी झाल्या आणि बुवा थांबले. पखवाजवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. आम्ही हसलो, काकूही हसल्या. बुवा खाकरले, आणि अगदी साध्या, घरातल्या आवाजात म्हणाले, “अगो, वायच पाणी हाड गो.”

काकू उठल्या. कोणाकडे न बघता आत गेल्या, माठाचं झाकण सरकल्याचा आवाज आला आणि पेला भरून घेऊन त्या बाहेर आल्या. खोलीच्या मध्यावर येऊन उभ्या राहिल्या. बुवा बसायचे त्या जागी मशीन होतं आणि त्यातून टाळ पुन्हा सुरू झाले होते.

मग मामा स्टुलावरून उठले, दोन्ही हात पुढे करून त्यांनी काकूंच्या हातातला पेला घेतला आणि उभ्या उभ्या सगळं पाणी प्यायले.